टाकीएवढा मासा

पाच वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका काकांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, मासा टाकीएवढाच वाढतो, बिनधास्त घ्या." तेव्हा मी माशांच्या दुकानात नवा होतो. मालक जे बोलायचे ते पोपटासारखं बोलायचो. चार बोटांचा नासो टँग, म्हणजे समुद्री मासा, आणि चार फुटांची टाकी, जोडी छान दिसत होती.

परवा तोच मासा बाहेर काढायला गेलो. आता चांगला दीड वीत झालेला. समुद्रात हा दीड फुटापर्यंत जातो. दिवसभर पोहत शेवाळ खुडणारी जात. इथे दोन शेपट्या मारल्या की काच! डोळ्यांमागची कातडी झिजून बारीक खड्डे पडले होते. काका रोज क्लिपला नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, लावायचे, पाणी वेळच्या वेळी बदलायचे. त्यांच्याकडून काही कमी नव्हतं.

टँग म्हणजेच सर्जन मासा, त्याला जाळी लावायची नाही, एवढं एव्हाना शिकलो होतो. शेपटीच्या देठाशी काटे असतात, ते जाळीत गुंततात. पावडर ब्लू नावाच्या दुसऱ्या टँगचा काटा चाकूसारखा मिटतो तरी. नासोचे मिटतच नाहीत, दोन्ही बाजूंना दोन-दोन, नारिंगी डागांत, टोकं पुढे वळलेली. म्हणून डबा हवा. काकूंनी कुरकुरत तांदूळ परातीत ओतले आणि मोठा पारदर्शक डबा धुऊन दिला.

लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीतले समुद्री खडक, टबात काढले, पंप बंद केले, पाणी निम्म्याहून खाली आणलं. मासा भीतीने फिकट पडून अंगभर चट्टे उठले. दोनदा डब्यात आला, दोनदा उसळून गेला. तिसऱ्यांदा मी डावा हात आडवा धरला. हे करायचं नसतं, दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी ओरडलो असतो. शेपटी नुसती हलली. आधी काहीच कळलं नाही, मग पाण्यात लाल धूर दिसला आणि मागोमाग आग.

उजव्या हाताने डबा उचलला तेव्हा मासा आत होता.

काकू हळद घेऊन धावल्या. मी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसलो, त्याने ठणका जरा उतरला. नंतर डॉक्टरांकडे तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. त्याआधी मासा थर्माकोलच्या खोक्यात, बॅटरीवरच्या हवेच्या पंपासकट, ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या दहा फुटी टाकीकडे रवाना केला. दोन्हीकडच्या पाण्याचा खारटपणा १.०२५ घनतेवर आदल्या दिवशीच जुळवून ठेवला होता.

पट्टी बांधून सामान न्यायला परत आलो, तर काका रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले.

"एक निळा टँग बघितलाय रे," म्हणाले. "एवढासाच आहे. दुकानातला पोरगा म्हणाला, टाकीएवढाच राहतो."

"फूटभर होतो काका तो," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

मी पट्टीचा हात खिशात घातला.