तुम्ही विचारलंत म्हणून : "शिबिराक दे गो, संशोधनाक कित्याक?"

आंब्याचा हिशेब मिटला की दर जूनमध्ये मी बारा पेट्यांचे पैसे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेला, संशोधनासाठी, पाठवते. हे कळल्यापासून देवगडात भेटेल तो हेच विचारतो.

शिबिरालाही देते. आईचा मोतीबिंदू शिबिरातच निघाला. पट्टी सोडल्यावर तिने आधी माझ्या पदरावरचा चिकाचा डाग दाखवला. त्याच शिबिरात दादाच्या डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पडद्याचा आजार आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. याला ऑपरेशन नाही." बाबांनी मामाची मुलगी केली होती, अशा लग्नात एकच बिघडलेला जनुक दोन्हीकडून मुलात उतरायची शक्यता वाढते. दादाला नाण्यावरचं साल वाचता येतं, पण दाराची चौकट खांद्याला लागल्यावरच कळते. दिवेलागणीनंतर तो पडवीतला खांब सोडत नाही.

मोतीबिंदू काढून आईच्या डोळ्यात बसवलेलं भिंग तरी कुठून आलं? दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या अ‍ॅक्रिलिक काचेचे तुकडे घुसले, तरी डोळा ते खपवून घेतो, हे हॅरोल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरांनी हेरलं आणि १९४९ मध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयवाल्यांनी ऑरोलॅब हा कारखाना काढून ती भिंगं स्वस्तात बनवली, तेव्हा कुठे ती आमच्या आवाक्यात आली.

दादासारख्यांसाठीही थोडं काही झालंय. आरपीई६५ या एका जनुकाच्या बिघाडावरच्या उपचाराला २०१७ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. आधी जन्मांध कुत्र्यांवर प्रयोग झाले. या कामाला पैसा पुरवणाऱ्यांत रुग्णांच्या घरच्यांनी १९७१ मध्ये काढलेली एक संस्थाही होती. दादाचा बिघाड मात्र दुसऱ्याच जनुकात निघाला. आणि किंमत? २०१८ मध्ये बाजारात आला तेव्हा दोन्ही डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर! (मला तर ही लूटच वाटते.) दादा म्हणाला, "बाग इकली तरी एक पापणी येवची नाय."

तरी पावती मी त्याच्याच नावाने घेते. कागद हातभर लांब धरून, एकेक शब्द सरकवत तो ती शेवटपर्यंत वाचतो. मग विचारतो, "यंदा कितक्या पेट्यांचे?"

"आठ. थ्रिप्सने मोहोर खाल्लो."