अष्टविनायक स्वतःच्या गाडीने: पेट्रोलचा हिशोब टप्प्याटप्प्याने

गाडीने अष्टविनायक करायचं ठरलं की पेट्रोलचा हिशोब बहुतेक घरांत एका ओळीत उरकतो. नकाशावर पुणे ते पुणे सुमारे ६१० किलोमीटर, कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज २२, म्हणजे २८ लीटर. लीटरला १०५ रुपये धरले तर २,९०० रुपये. १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, चार माणसं आणि एसी असेल तर हाच खर्च पाच हजारांच्या पुढे जातो. दोन हजारांचा हा फरक पेट्रोल महागल्यामुळे पडत नाही, हिशोबाच्या पद्धतीमुळे पडतो.

कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. रोलरवर गाडी ठरावीक वेगाने चालवून तो काढतात, एसी बंद ठेवून. रस्त्यावर त्यातून २० ते ३० टक्के सहज कमी होतात. डॅशबोर्डवरचा आकडाही बऱ्याच गाड्यांत थोडा वाढवूनच दिसतो. भरवसा ठेवावा तो टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल पद्धतीवर. ऑटोकट होईपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, निदान ३०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलने पुन्हा ऑटोकटपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लीटर. ऑटोकटनंतर रक्कम राऊंड करायला सांगू नका. हिशोब बिघडतो, आणि जादा पेट्रोल टाकीच्या वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरून तो खराब होतो. हे माप शहरात आणि हायवेला वेगवेगळं घ्या आणि ताजंच वापरा. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर पाच वर्षांपूर्वीच्या वहीतलं ॲव्हरेज मिळेलच असं नाही.

आता टप्पे. गाडी शहरात १२ आणि मोकळ्या हायवेला १७ देते असं धरू. पुणे ते थेऊर २५ किलोमीटर, पण हडपसर आणि लोणी काळभोरची गर्दी पार करायची असते, म्हणून १२ च्या दराने २.१ लीटर. थेऊरहून चौफुल्यावरून मोरगाव, पुढे दौंडमार्गे सिद्धटेक आणि शिरूरमार्गे रांजणगाव मिळून सुमारे २१० किलोमीटर. रस्ता सपाट, पण गावागणिक गतिरोधक आणि ऊस हंगामात पुढे ट्रॉल्या, म्हणून १६ धरा: १३.१ लीटर. रांजणगाव, ओझर, लेण्याद्री हे ८५ किलोमीटर १५ ने, ५.७ लीटर. लेण्याद्रीहून नारायणगाव, चाकण, तळेगाव करत महडपर्यंत १४० किलोमीटर. चाकणला किती वेळ अडकाल याचा नेम नाही, म्हणून १४ पेक्षा जास्त धरू नका: १० लीटर. महड ते पाली ४० किलोमीटर, १५ ने २.७ लीटर. पाली ते पुणे ११० किलोमीटर, १६ ने ६.९ लीटर आणि वर बोरघाटाची चढण.

या चढणीचा वेगळा हिशोब करता येतो. खोपोली ते लोणावळा गाडी साडेपाचशे मीटरच्या वर चढते. माणसं-सामानासह १,३०० किलोची गाडी तेवढी उचलायला, इंजिनाची कार्यक्षमता पाव धरली, तर सपाट रस्त्यापेक्षा सुमारे ०.९ लीटर जादा लागतं. उतरताना ते सगळं परत मिळत नाही, कारण बरीच ऊर्जा ब्रेकमध्येच जाते. म्हणून शेवटचा टप्पा ७.८ लीटरचा. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजूनही भेटतात. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं जळत राहतं आणि ब्रेक तापतात. घाटात न्यूट्रल कधीच नको.

बेरीज झाली ४१.४ लीटर. ती टप्प्यांच्या लीटरचीच करायची, ॲव्हरेजची सरासरी काढायची नाही. १०० किलोमीटर १० ने आणि १०० किलोमीटर २० ने गेलात तर १५ लीटर लागतात. सरासरी १५ धरून २०० ला भागलं तर १३.३ च येतात. फरक नेहमी आपल्याच खिशाच्या विरुद्ध जातो, म्हणून वाईट रस्त्याचा टप्पा कधीही बाकीच्यांत मिसळू नये.

नकाशा देवळापर्यंतचं अंतर सांगतो. गर्दीच्या दिवशी पार्किंग लांब मिळतं. शिवाय मुक्कामाचं ठिकाण, जेवणासाठी वाट सोडून जाणं, चुकलेला यू-टर्न. याचे आठ टक्के, म्हणजे ५० किलोमीटर, १३ ने ३.८ लीटर. उभ्या गाडीचंही मोजा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही ते खाली एसी लावून बसतात, आणि एसीसह आयडलिंगला तासाला साधारण एक लीटर जातं. सगळीकडचं मिळून दीड लीटर धरा. झाले ४६.७. वर पाच टक्के राखीव ठेवले की ४९ लीटर, १०५ ने ५,१४५ रुपये. भाव रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो, जिल्ह्यागणिक काही पैशांचा फरकही असतो, पण या हिशोबात त्याने फारसं बिघडत नाही. टोल अर्थातच वेगळा.

क्रमाने मात्र बिघडतं. शास्त्रोक्त क्रमाने, म्हणजे मोरगाव, सिद्धटेक, मग थेट पाली असं करून शेवटी पुन्हा मोरगावला यायचं असेल, तर अंतर सुमारे दोनशे किलोमीटर वाढतं. त्याचे १३-१४ लीटर आधीच धरा. आणि नकाशात रोमन लिपीत नाव टाकताना जपा. वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ आहे, चवदार तळ्याचं महाड मुंबई-गोवा महामार्गावर. स्पेलिंग एकच असल्यामुळे चुकीचं गाव निवडलं, तर हिशोबात शंभरेक किलोमीटर एका बाजूलाच घुसतात.

टपावर कॅरिअर आणि सामान असेल तर हायवेचं ॲव्हरेज दहा टक्के तरी खाली धरा. एक्सप्रेसवेवर ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा थंड असताना तपासा, भरल्या गाडीसाठी दाराजवळच्या स्टिकरवर वेगळा आकडा असतो.

सीएनजी गाडीला पद्धत हीच, फक्त लीटरऐवजी किलो. ६० लीटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठ-नऊ किलो बसतात आणि पंपावर प्रेशर कमी असेल तर तेही नाही, म्हणून दर टप्प्याला पुढचा पंप आधी शोधून ठेवावा आणि थोडं पेट्रोल धरूनच निघावं. हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडरच्या दाब-चाचणीची मुदतही पाहा. संपलेली असेल तर पंपवाला गॅस भरत नाही आणि सगळा प्रवास पेट्रोलवर येतो.

हॅचबॅकची टाकी ३५ ते ३७ लीटरची, तेव्हा एकदा मधे भरावंच लागणार. नारायणगाव त्याला सोयीचं आहे: तिथे ऑटोकटपर्यंत भरा आणि गेलेले लीटर अंदाजाशी ताडून पाहा. तोपर्यंत टप्प्यांचे २१ लीटर आणि वरखर्चाचे तीनेक अपेक्षित आहेत. २७ भरले गेले, तर उरलेल्या टप्प्यांचे आकडे लगेच न वाढवता आधी टायर बघा. हवा बरोबर असेल तर पुढच्या लीटरमध्ये दहा टक्के वाढवा आणि सहप्रवाशांची वर्गणी तिथेच ठरवून टाका.