गच्चीवरची म्हैस

परवा दुपारी पेंटर गच्ची बघायला आला. जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीपाशी थांबला, नखानं थोडं खरवडलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, "काका, इथं म्हस बांधत होता काय?"

दुसऱ्या मजल्यावर म्हैस. पण त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. माणसाच्या पाठीच्या उंचीवर परातीएवढा डाग, मधे काळपट, कडेला पिवळा, आणि गोठ्यातल्या मेढीला येते तशी त्याच्यावर गुळगुळीत चकाकी. मी "पावसाची ओल असेल" असं काहीतरी पुटपुटलो. पेंटर ऐकणारा नव्हता. "तेल हाय हे. तेलावर रंग धरत न्हाई. खरवडून लांबी भराय लागंल," म्हणाला आणि वहीत कसलासा आकडा टिपून पुढच्या भिंतीकडे गेला.

म्हैस म्हणजे मीच.

गेल्या मार्गशीर्षात माझं अंग फार उललं. पिंढरीवर नखानं नाव लिहावं आणि ते आठ तास वाचता यावं, इतकं. (शाळेत आम्ही थंडीत हातावर असेच भागाकार करायचो, पाटीपेक्षा बरे उमटायचे.) खाजवून खाजवून कंटाळलो तेव्हा गावभागातल्या एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि औषधाऐवजी एक कागद दिला. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या तिसऱ्या अध्यायातले हेमंत ऋतूचे श्लोक, त्याखाली मराठी अर्थ आणि तळाशी त्यांच्या हाताचं एक वाक्य: 'शिशिरातही हेच, जरा जास्त.' म्हणजे मार्गशीर्ष ते फाल्गुन, चार महिन्यांची बेगमी.

पहिल्या काही ओळींतच मला ग्रंथकर्ते वाग्भट आवडून गेले. रात्री मोठ्या असतात, म्हणून या दिवसांत माणसाला सकाळीच भूक लागते, असं ते सरळ लिहून मोकळे झालेत. आमच्या घरात हल्ली सकाळी भूक लागणं हा गुन्हा आहे. बायकोनं सोळा तासांचा उपास धरलाय. दुपारी बारापर्यंत स्वयंपाकघरात फक्त गरम पाणी मिळतं, आणि डबे उघडण्याचा आवाज आला की आतून "काय शोधताय?" येतं. मी तो कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला. थंडीनं उष्णतेची बाहेर जायची वाट अडते, त्यामुळे आतला अग्नी बळावतो. त्याला इंधन कमी पडलं तर तो शरीरातले धातूच, म्हणजे रक्त, मांस वगैरे, पचवायला घेतो. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तेच तर पाहिजे. मेद हा धातूच ना?"

यावर वाग्भटांकडे उत्तर असेल. माझ्याकडे नव्हतं.

मला मात्र बंब आठवला. भिलवडीच्या अलीकडच्या आमच्या गावच्या घरी न्हाणीच्या तोंडाशी तांब्याचा बंब होता, माझ्या छातीइतका. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. उसाची चिपाडं भुरभुर जळून जायची, म्हणून आज्जी खाली शेणी लावायची आणि चिपाडं नुसती पेटवणाला. नवव्या वर्षी मी शहाणपणा करून सगळ्यांच्या आधी उठलो आणि बंब पेटवला. पाणी भरायचं राहिलं. जाळाला गरम करायला काही मिळालं नाही तेव्हा त्यानं बंबच खायला घेतला. तोटीपाशी टप् टप् करून सांध्याची झाळ पाघळली, वास सुटला, आणि आबा उठून आले. ते ओरडले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. तांबटाकडे तो बंब पंधरा दिवस पडून होता आणि तेवढे दिवस घरातला प्रत्येक जण चुलीवरच्या हंड्यातून तांब्या तांब्यानं पाणी घेताना माझ्याकडे बघायचा. धातू पचणं म्हणजे काय हे मला तेव्हापासून माहीत आहे.

कागदाचं बाकीचं बरंचसं मी ताबडतोब मान्य केलं. गोड, आंबट, खारट खा. गहू, उडीद, ऊस आणि दूध यांचे पदार्थ खा. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असताना आणि गुळाचा वास हवेतच असताना हे सांगायलाही नको. शौचालाही कोमट पाणी वापरा. गिझर यायच्या कैक शतकं आधी हे लिहिलेलं पाहून मला भरून आलं. अंगाला कुंकुम लावा, इथं मात्र अडलं. हे कुंकुम म्हणजे केशर, आणि तेही कस्तुरी घातलेलं. सांगलीत हळद म्हणाल तेवढी देतो. केशराचं नाव काढलं तेव्हा वाणी माझ्याकडे घरात काही शुभकार्य असल्यासारखा बघायला लागला.

पांघरूण वजनाला हलकं आणि गुणानं उबदार असावं, हेही मला पटत नाही. माझा हा हट्टच समजा. हलकं पांघरूण म्हणजे पांघरूणच नव्हे. मुलानं पुण्याहून एक रजई पाठवली आहे, फुंकर मारली तर उडेल अशी. तिच्याखाली ऊब येते, झोप येत नाही. मला आज्जीच्या हातची वाकळ लागते: नऊवारीचे सात-आठ थर, आडवे टाके, एका कोपऱ्यात आबांच्या धोतराचा पांढरा तुकडा. ती अंगावर पडली की कुणीतरी "आता गप पड" म्हटल्यासारखं वाटतं. त्या वजनाशिवाय मला हिवाळा सुरू झाल्याचं कळतच नाही.

आणि पायात सदासर्वदा पादत्राण. हे कुणी आम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. मळीच्या रानात हरभरा असायचा. आज्जी संध्याकाळी त्याच्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरून यायची. रात्रभर दव पडायचं, पाल्याची आंबट खार त्यात उतरायची, आणि उजाडायच्या आत जाऊन ते फडकं पिळलं की तांब्याच्या तळाशी... नव्हे, तांब्यात नाही, ती काचेची बाटली न्यायची. तांब्याला आंब चालत नाही. त्या बाटलीच्या तळाशी बोटभर आंब. वर्षभर पोटदुखीला ती पुरायची. बाटली धरायला मी. नदीवरून धुकं आलेलं, पलीकडचं काही दिसत नाही, औदुंबरच्या बाजूनं कसलातरी घंटेचा आवाज येतोय, आणि मी अनवाणी हरभऱ्यातून चाललोय. टाचांना भेगा. त्या भेगांत आंब शिरली की जे काही व्हायचं, ते मी अजून कुठल्या पोथीत वाचलेलं नाही. घरी आल्यावर आज्जी आमसुलाच्या तेलाचा पांढरा गोळा चिमणीच्या काचेवर धरायची आणि भेगेत थेंब थेंब सोडायची. तेव्हा जो आवाज माझ्या तोंडून निघायचा तो ऐकून शेजारचं कुत्रं भुंकायचं.

तर, तेल.

वातघ्न, म्हणजे वात घालवणाऱ्या, तेलानं अभ्यंग, डोक्यावर तेल, मग चोळणं-रगडणं, असं कागदात ओळीनं येतं. आणि त्याच श्लोकात पुढं: 'नियुद्धं कुशलैः सार्धं'. म्हणजे जाणकारांशी कुस्ती. मी दोनदा वाचलं. आता सांगलीत जाणकार मिळणार नाहीत असं कोण म्हणेल? 1964 चे हिंदकेसरी मारुती माने इथल्याच कवठे पिरानचे. तालमी अजून आहेत, हौद्यात हळद-ताक-तेल घातलेली तांबडी माती अजून आहे. प्रश्न तालमीच्या दारात उभं राहून काय बोलायचं हा होता. "वस्ताद, मला हेमंत चालू आहे, कुणीतरी माझ्याशी धरा, पण अर्ध्याच ताकदीनं"? अर्ध्या ताकदीनं हेही वाग्भटांचंच, मागच्या अध्यायातलं. थंडीत आणि वसंतात बलवान, तूप-तेल खाणाऱ्या माणसानं अर्ध्या शक्तीनं व्यायाम करावा. मी दोन्ही अटींत बसत नाही. एकीत तर बायकोमुळे.

कुस्ती वगळून नुसतं तेल लावायचं ठरवलं. तिळाचं, कोमट करून. बायको सातला कामावर जाते. मग मी, वाटी आणि गच्चीतलं कोवळं ऊन. डोकं झालं, कान झाले, हात, पोट, पाय, तळपाय. राहिली पाठ. खांद्यावरून हात टाकला तर चार बोटं खाली जातो, कमरेकडून वर नेला तर फऱ्याच्या अलीकडे थांबतो. मधे वीतभर जागा अशी उरते की जिथं आपला आपल्याला हातच लागत नाही. आणि खाज नेमकी तिथंच. कागद पुन्हा बघितला. तेव्हा ध्यानात आलं, की वाग्भटांच्या हेमंतात एकटा माणूसच नाही. तेल कुणीतरी लावतंय, रगडतंय दुसरं कुणी, कुस्तीला समोर कुणीतरी उभं आहे, अगरूचा धूप कुणी आणून ठेवलाय. यादी वाचताना आपण त्यातले राजे असतो. अंमल करायला गेलं की वाटी धरणारासुद्धा आपणच.

मागं भिंत होती, उन्हानं तापलेली. पाठ टेकवली. जरा डावीकडे सरकलो, जरा उजवीकडे. बरं वाटलं. मग रोजच.

श्लोकातला शेवटचा भाग तेव्हा मी नीट वाचलाच नव्हता. परवा पेंटर गेल्यावर कागद पुन्हा काढला, घडीवर त्याची चतकोरं झाली होती. 'पादाघातं च युक्तितः'. पायांनी तुडवून घेणं, बेतानं.

हे तर मी केलंय. करून दिलंय, म्हणायला हवं. आबा तरुणपणी गावच्या तालमीतले. म्हातारपणी त्यातलं तुडवणं तेवढं उरलं होतं. थंडीत पहाटे सोप्यात किलतान अंथरायचं, ओवा-लसूण घालून तापवलेलं शेंगतेल आज्जी त्यांच्या पाठीवर ओतायची आणि मग हाक यायची, "चढ रं." मी मेढीला एका हातानं धरून चढायचो. आधी टाचा, मग पोटऱ्या. "लवणीवर न्हाई, लवणीवर न्हाई!" (लवण म्हणजे गुडघ्यामागचा खळगा.) मग मांड्या, कंबर आणि तिथून हळूहळू वर. तळपायाखाली बरगड्या एकेक कळायच्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तेलानं पाय सटकायचा. फऱ्यांच्या मधे आलो की आतून कट् असा आवाज यायचा आणि आबा "हांऽऽ" करून सगळा श्वास सोडायचे, तेव्हा मी दोन बोटं खाली जायचो.

किती वेळ तुडवायचं याला माप होतं: एक पाढा. मी घाईचा, मला खेळायला जायचं असायचं, आणि आबांना ते पक्कं ठाऊक. म्हणून त्यांचा आवडता पाढा एकोणतीसचा. एकोणतीस सकपर्यंत मी कसाबसा जायचो, सत्तेला ठेचकाळायचो, की परत एकेपासून. पहिल्यापासून म्हण, पहिल्यापासून तुडव. कधी कधी दहापर्यंत पोचायला ऊन सोप्यात यायचं. तोंड किलतानात खुपसून ते हसताना पाठ हलायची आणि मी मेढ घट्ट धरायचो.

अकराव्या वर्षीच्या माघात एकदा चढलो आणि सवयीनं सुरू केलं, एकोणतीस एके एकोणतीस. आबा खालून म्हणाले, "नको. आज बेचा म्हण."

मी खूश. बे एके बेला टाचेवर, बे दाहे वीसला खांद्यावर, आणि उडी मारून बाहेर. पोरं नदीवर वाटच बघत होती.