बाटलीवरचा हिरवा त्रिकोण

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं, औषधाचा वास डोक्यात गेला. बाटलीवर कवटी छापलेली असली तरी तोंडी शब्द औषधच. त्यामुळे बाटलीवरचं चिन्ह नीट वाचता येणं फार गरजेचं आहे, आणि नेमकं तेच प्रत्येक जण आपापल्या सवयीने वाचतो.

चिन्ह असं असतं: एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, आडवी रेघ मारून त्याचे दोन त्रिकोण. वरच्या त्रिकोणात इशारा, खालच्यात रंग. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि ‘पॉयझन’. पिवळा जास्त विषारी, तिथेही ‘पॉयझन’, पण कवटी नाही. निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. ही वर्गवारी प्रयोगातले निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात यावर ठरते. तोंडावाटे, दर किलो वजनामागे 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा आणि त्यापुढे हिरवा.

आता हाच रंग घरात आणि रस्त्यावर काय सांगतो ते बघा. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. सिग्नलला हिरवा म्हणजे बिनधास्त जा. मग हिरव्या त्रिकोणाची बाटली ‘सेंद्रिय’ वाटली तर नवल नाही. प्रत्यक्षात तो रंग एवढंच सांगतो की गिळल्यास किंवा कातडीवर पडल्यास लगेच होणारी विषबाधा बाकीच्यांपेक्षा कमी. मधमाश्या, विहिरीतले मासे, वर्षानुवर्षं अंगावर उडणारे तुषार यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

लाल त्रिकोणाचीही तीच गत. टोक खाली असलेला लाल त्रिकोण दवाखान्याच्या भिंतीवर कित्येक वर्षं कुटुंब नियोजनाची खूण होता. बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही टोक खालीच करून बसतो. कवटी झाकली तर जुन्या पिढीला तो ओळखीचा, सरकारी आणि भल्याचाच वाटेल.

गैरसमजाच्या बाबतीत सगळ्यात घातक आहे पिवळा. सिग्नलच्या हिशेबाने तो मधला, ‘जरा जपून’ सांगणारा. निळा तर सिग्नलला नसतोच, त्यामुळे त्याला कुठे बसवायचं हे कळत नाही आणि मधल्या दोन रंगांची उलटापालट होते. म्हणून शिकवताना ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. चार रंगांची रिकामी खोकी समोर ठेवा आणि सर्वांत जहाल आधी, अशी रांग लावायला सांगा. चूक तिथेच दिसते. अमेरिकेतल्या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात चिन्ह पास व्हायला 85 टक्के लोकांनी बरोबर अर्थ सांगावा लागतो, आणि उलटा, धोक्यात घालणारा अर्थ काढणारे 5 टक्क्यांच्या वर चालत नाहीत. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण चिन्ह न कळलेला माणूस निदान विचारतो तरी.

आकाराचाही प्रश्न आहे. चिन्हाने लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापावा, असा नियम आहे. लेबल 8 बाय 6 सेंटीमीटरचं असेल तर चौकोनाची बाजू जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर भरते, आणि रंग त्याच्या निम्म्याच भागात. छोट्या बाटलीवर मातीचं बोट लागलं की तो गेलाच.

आणि फवारणी करणाऱ्या मजुराला बाटली दिसतेच कुठे? बांधावर बादलीत कालवलेलं पांढरं पाणी त्याच्या पंपात ओततात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. तेव्हा डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकत्र कालवलेली औषधं, हातमोजे-मास्कचा अभाव, अशी बरीच कारणं पुढे आली. मिश्रणाला मात्र कुठलाच त्रिकोण नसतो. दोन औषधं कालवली असतील तर त्यांतला जहाल रंग धरा आणि त्या रंगाची चिकटपट्टी पंपाला लावा.

उलट्या, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर फवारणी थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखाना गाठा. उतारा कोणता द्यायचा ते लेबलवर आणि सोबतच्या पत्रकावर छापलेलं असतं, म्हणून माणसाबरोबर बाटलीही न्या. दोन कालवली असतील तर दोन्ही.