साताऱ्याचे अकरा तालुके आणि एक्सेलमधलं शब्दकोडं

इंग्रजी शब्दकोड्यात एका चौकोनात एक अक्षर बसतं, विषय संपला. मराठीत ‘महाबळेश्वर’ला चौकोन लागतात सहा, पण एक्सेलच्या, अक्षरं मोजणाऱ्या ‘लेन’ सूत्राला विचारलं तर ते दहा सांगतं, कारण काना, मात्रा, हलन्त सगळं ते सुटं मोजतं. म्हणून शब्दातला तुकडा काढणाऱ्या ‘मिड’ने शब्द फोडायच्या भानगडीत पडू नका; श्व चा श, हलन्त आणि व तीन चौकोनांत जातील. एक शीट उत्तराचं आणि एक मुलांनी भरायचं ठेवा; उत्तराच्या शीटवर म, हा, ब, ळे, श्व, र हे हातानेच भरा.

चौथीच्या वर्गासाठी जिल्ह्यातले तालुके हा चांगला विषय. पण जोडाक्षर, काना-मात्रेसकट जुळलं तरच शब्द एकमेकांना छेदतात. सातारा आणि कराड ‘रा’वर जुळतात, पाटण आणि फलटण ‘ट’वर, कोरेगाव आणि खटाव ‘व’वर. वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर मात्र इतर कुठल्याच तालुक्याशी जुळत नाहीत. तिथे गावं मदतीला घ्यायची. वाठार एका टोकाला वाईशी जुळतं, दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरशी. उंडाळे खंडाळ्याशी ‘डा’वर जुळतं आणि महाबळेश्वरशी ‘ळे’वर. मात्र दोन्ही गावं एकदम महाबळेश्वरवर उभी केलीत तर वरच्या ओळीत ‘खंडाळाठा’ नावाचा बारावा तालुका तयार होतो! खंडाळा-उंडाळे ही जोडी बाजूला वेगळीच ठेवा.

आता रंग. मुलांच्या शीटवर सगळी चौकट निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अट पूर्ण झाली की सेल रंगवणारी सोय) सूत्र द्यायचं: सेल रिकामा नसावा, आणि ‘ट्रिम’ केल्यावर (म्हणजे पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढल्यावर) तो उत्तराच्या शीटवरच्या त्याच जागेच्या सेलशी ‘एक्झॅक्ट’ने, म्हणजे तंतोतंत, जुळावा. जुळला की हिरवा. सूत्र लिहिताना माउसने उत्तराचा सेल निवडला की एक्सेल त्याच्या पत्त्याला जागा पक्की करणारी डॉलरची चिन्हं लावतं, मग सगळी चौकट एकाच सेलशी ताडली जाते. एफ४ तीनदा दाबून डॉलर काढा. गूगल शीट्समध्ये दुसऱ्या शीटचा संदर्भ इथे थेट चालत नाही, पत्ता मजकूर म्हणून घेणारं ‘इनडायरेक्ट’ लागतं.

जुळलेले चौकोन मोजून गुण देताना हमखास होणारी चूक म्हणजे रिकामं आणि रिकामंही ‘एक्झॅक्ट’ला सारखंच वाटतं. ९ बाय ९ च्या चौकटीत २८ अक्षरं असतील, तर मुलाने काही लिहिण्याआधीच ५३ गुण! उत्तराचा सेल भरलेला असावा, ही अट आधी घाला.

‘दऱ्या’सारखा शब्द घेतलात तर आणखी एक गंमत. इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबून येणारा ऱ आणि साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून केलेला, पडद्यावर दोन्ही एकसारखे, एक्सेलला वेगळे. ‘सबस्टिट्यूट’ने दुसरा पहिल्यात बदलून मगच ताडा, नाहीतर बरोबर लिहिणारं पोर रडवेलं होतं.

शेवटी कुलूप. भरायच्या सेलांवरचा ‘लॉक्ड’चा टिक काढा, शीट प्रोटेक्ट करा आणि ‘सिलेक्ट लॉक्ड सेल्स’ बंद ठेवा. मग टॅब दाबला की कर्सर फक्त भरायच्या चौकोनांतून फिरतो. उत्तराचं शीट लपवून वर्कबुकही प्रोटेक्ट करा. नाहीतर लपवलेलं शीट राईट-क्लिक करून उघडायला मुलांना दोन मिनिटं पुरतात.

एवढं करूनही मुलं अक्षर माउसने ओढून दुसऱ्या चौकोनात टाकतात, आणि गुणांच्या सूत्राचे संदर्भ त्यामागे सरकतात, किंवा ‘रेफ’ची (संदर्भ हरवल्याची) चूक येते. प्रोटेक्शन हे थांबवत नाही. ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात ड्रॅग-अँड-ड्रॉप बंद करा. ही सेटिंग फाईलबरोबर जात नाही, लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर करावी लागते.