संसार सोडला नाही, तरी

"बाई, तुम्ही सिस्टर झाला असतात तर समजलं असतं. पण तुम्हाला नवरा आहे, मुलगा आहे, घर आहे. मग तुम्ही फ्रान्सिस्कन कशा?"

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी 26 वर्षं शिकवलं. हा प्रश्न पहिल्यांदा तिथे ऐकला, मधल्या सुट्टीत डबे उघडताना. मग वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत, बसस्टॉपवरही ऐकला. विचारणाऱ्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, पण उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज बसून लिहिते आहे.

आधी एक घोळ दूर करते. गोव्यात फ्रान्सिस म्हटलं की 'गोंयचो सायब', म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्यात 3 डिसेंबरला ज्यांचं फेस्त भरतं ते. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट. मी ज्यांच्या वाटेने चालायचा प्रयत्न करते ते त्यांच्याही सव्वातीनशे वर्षं आधीचे, इटलीतल्या असिसी गावचे संत फ्रान्सिस; त्यांच्या वाटेने जाणारे ते फ्रान्सिस्कन. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, ज्याने बापाच्या पेढीवर पाणी सोडलं आणि 1226 साली उघड्या जमिनीवर देह ठेवला. त्यांचा सण 4 ऑक्टोबरला असतो. त्यांच्यामागून ब्रह्मचारी बंधू निघाले, संत क्लारासोबत मठवासी भगिनी निघाल्या. आणि मग गावोगावचे नवरा-बायको, शेतकरी, दुकानदार येऊन म्हणू लागले की आम्हाला घर सोडता येत नाही, आम्ही काय करू? त्यांच्यासाठी 1221 साली नियम लिहिला गेला. तेव्हाचं नाव 'प्रायश्चित्ताचे बंधू आणि भगिनी'. पुढे लोक 'थर्ड ऑर्डर', म्हणजे तिसरा संघ, म्हणू लागले. आज आम्ही सेक्युलर फ्रान्सिस्कन म्हणवतो आणि आम्ही पाळतो तो नियम पोप पॉल सहावे यांनी 1978 साली मंजूर केलेला आहे.

माझ्या एका सहशिक्षिकेचे सासरे माळकरी होते. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे माळ घेतल्यासारखंच की! आमचे मामंजी शेत कसायचे, पोरांची लग्नं करायचे, पण गळ्यात माळ पडली त्या दिवसापासून मासळी सुटली, खोटं बोलणं सुटलं, एकादशी चुकली नाही." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. माणूस तोच, अंगण तेच, फक्त गळ्यात एक वचन असतं. आमच्याकडे ते वचन देण्याआधी बरीच तयारी असते, आणि एकदा दिलं की ते जन्मभराचं असतं. महिन्यातून एकदा आम्ही जमतो, शुभवर्तमान वाचतो, एकमेकांची चौकशी करतो. आमची प्रमुख आमच्यातूनच निवडली जाते. वेगळा वेश नाही. माझ्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला लाकडी 'टी' दिसतो तो ग्रीक 'ताव', फ्रान्सिस आपल्या सहीऐवजी काढायचे ते चिन्ह.

मी मूळची वसईची, लग्न होऊन गोव्यात आले. वसईच्या पोराला फ्रान्सिस्कन हा शब्द परका नसतो, कारण आमच्याच मातीतले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन होते. आधी व्यापार केला, मग बंधू झाले. धर्मगुरू कधीच नव्हते, दुभाष्याचं काम करायचे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं. लहानपणी मला वाटायचं ते एकटेच मेले. मोठी झाल्यावर वाचलं की क्रूस 26 होते. 6 फ्रान्सिस्कन, 3 येशूसंघीय आणि 17 साधे जपानी प्रापंचिक लोक. त्यांत स्वयंपाकी होता, वैद्य होता, 12 वर्षांचा मुलगा होता. त्यांतले बरेच जण याच गृहस्थ शाखेतले मानले जातात. त्या स्वयंपाक्यावर मी कितीतरी दिवस विचार करत राहिले. भात शिजवता शिजवता तो कुठवर पोहोचला!

प्रार्थनेबद्दल फार लिहीत नाही. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या आत मी स्तोत्रं म्हणते, संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. घरात कोकणी चालते, तेर्सही, म्हणजे जपमाळेची प्रार्थनाही, कोकणीत होते, पण स्तोत्रं माझ्या तोंडात मराठीतच येतात, कारण ती आईच्या तोंडून ऐकलेली आहेत. कधी मन लागतं, कधी कुकरच्या शिट्ट्या मोजण्यातच जातं. तरी बसते.

सेवेचं मात्र सांगते. आमच्या वाड्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. मुलं इंग्लंडला. पैसे वेळेवर येतात, सकाळी कामाला मुलगी येते, कशाला कमी नाही. मी दर मंगळवारी जाते. सुरुवातीला नुसती बोलत बसायचे. एकदा त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. नखं पिवळी, शिंगासारखी जाड, एक तर वळून शेजारच्या बोटात रुतलेलं. त्यांना वाकता येत नाही आणि कोणाला सांगायची लाज. मी टोपात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, पाय बुडवून अर्धा तास ठेवले. तरीही नेलकटरमध्ये ते नख मावेना. मग कानसने आधी घासून पातळ केलं आणि कडेकडेने कापलं. वास येत होता. माझ्या पोटात ढवळत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मान खाली घालून बसले होते.

फ्रान्सिसनी मरणापूर्वी लिहून ठेवलेल्या मृत्युपत्रात आपलं आयुष्य कुठे पालटलं ते सांगितलं आहे. कुष्ठरोगी दिसले की त्यांना फार कडवट वाटायचं. देवाने त्यांना त्या रोग्यांमध्येच नेलं, त्यांनी त्या रोग्यांवर दया केली, आणि जे कडू वाटत होतं तेच गोड झालं. मी प्रामाणिकपणे सांगते, माझं पहिल्या मंगळवारी गोड झालं नाही. पाचव्या-सहाव्यालाही नाही. आता त्या पाय पुढे करतात आणि डोळे मिटून घेतात, तेव्हा मात्र मला दुसरीकडे कुठेच असावंसं वाटत नाही.

आणखी एक प्रश्न येतो. तो सहसा हळू आवाजात येतो. "बाई, पण गोव्यात देवळं मोडली गेली तेव्हा हेच फ्रान्सिस्कन होते ना?" होते. 1517 पासून ते गोव्यात आहेत आणि बार्देश तर त्यांच्याच हाती दिलेला होता. 16व्या शतकात बार्देशातली देवळं पाडली गेली, देव उचलून लोकांना नदीपार जावं लागलं. हे मी झाकत नाही आणि त्याला कारणंही शोधत नाही. माझ्या शाळेत ज्यांची मुलं शिकली त्यांच्या कुळांनी हे भोगलेलं आहे. मला एवढंच माहीत आहे की 1219 साली, धर्मयुद्ध चालू असताना, फ्रान्सिस स्वतः बिनशस्त्र इजिप्तच्या सुलतानाकडे, मलिक अल-कामिलकडे गेले आणि सुखरूप परत आले. त्यानंतर त्यांनी बंधूंना लिहून दिलं की मुसलमानांमध्ये राहायचं तर वादविवाद करू नका, देवासाठी प्रत्येक माणसाच्या पायाशी राहा. त्यांचं नाव लावणाऱ्यांनीच ते पाळलं नाही, याचं मला दुःख आहे, आणि ते नाव मीही लावते म्हणून त्यातलं थोडं ओझं माझंही आहे.

आता प्रायश्चित्त. या शब्दाला लोक सर्वांत जास्त बिचकतात. उपास, गुडघे सोलणं, पाठीवर कोरडे, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. गोवा वेल्ह्याला ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते. ती मुळात या थर्ड ऑर्डरचीच. जवळच्या पिलारच्या टेकडीवर फ्रान्सिस्कनांनी 1613 साली मठ बांधला, 1835 साली पोर्तुगीज सरकारने संन्याशांचे संघ मोडले आणि मठ ओस पडला. मिरवणूक अजून निघते. खांद्यांवरून एकेक संत पुढे सरकत असतो, बाजूला खाज्यांची दुकानं लागलेली असतात. तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मलाही वाटलं होतं की प्रायश्चित्त हे त्या पुतळ्यांतल्या लोकांचं काम.

तयारीच्या काळात आम्हाला 1221 च्या नियमाची ओळख करून दिली. त्यात उपास आहेत, साध्या न रंगवलेल्या कापडाचे कपडे आहेत, शस्त्र हातात घ्यायचं नाही असं आहे. या शेवटच्या गोष्टीवरून त्या काळच्या इटलीत केवढं वादळ उठलं असेल, कारण सामान्य माणसाला धन्याच्या हाकेसरशी लढाईला जावंच लागायचं. पण मी अडखळले ती दुसऱ्याच जागी. आत येणाऱ्याने आधी आपली देणी फेडावी, शेजाऱ्यांशी समेट करावा, आणि वचन दिल्यावर तीन महिन्यांत मृत्युपत्र करावं. म्हणजे प्रार्थना शिकवण्याआधी हिशेब मागितला होता.

माझा एक हिशेब राहिला होता. वसईला वडिलांची वाडी होती, केळी आणि पानवेलींची. ती विकली गेली तेव्हा आम्ही तीन भावंडं. ख्रिस्ती कुटुंबात मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, कायदा तसाच आहे. पण धाकटी बहीण अविवाहित, आईजवळ राहिलेली. भाऊ आणि मी तिला म्हणालो, "तुला घर आहेच, तुला पैसे कशाला?" तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी तिचा हात धरला नव्हता. कागद पक्का होता. मला मिळालेल्या रकमेतून गोव्यातल्या घराचं छप्पर झालं आणि मुलाचं शिक्षण झालं. पुढची नऊ वर्षं आईचं सगळं त्या बहिणीने केलं. मी गणपतीच्या आणि नाताळच्या सुट्टीत जात असे, साडी आणि काजू घेऊन.

माझं वचन देण्याचं ठरलं होतं. मी जाऊन सांगितलं की मला थांबायचं आहे. मग नवऱ्यापुढे बसले. गोव्यातल्या कायद्याने आमची मालमत्ता दोघांची मिळून, त्यामुळे बहिणीच्या वाट्याचे पैसे परत करणं माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. तो बराच वेळ वर छपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दी ताका. म्हाका तेन्नाच दिसलें आशिल्लें." मला तेव्हाच वाटलं होतं, म्हणाला. तो इतकी वर्षं गप्प का राहिला हे मी विचारलं नाही.

ठेव मोडून मी वसईला गेले. बहीण ओट्यावर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. मी पाकीट पुढे ठेवलं आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. तिने हात थांबवला नाही. सुपातली सुकट एका बाजूला सारत म्हणाली, "पैसे बँकेत घाल, ताई. ते मी घेईन, नाही म्हणत नाही. पण आईचं औषध कुठून यायचं, ते तू एकदा तरी विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही नाही.

ती उठली, हात धुतले आणि कपाटातून एक दोनशे पानी वही आणली. शाळेची असते तसली, कोपरे वळलेली. त्यात तारखा होत्या. इन्सुलिन, पट्टी, रिक्षा, रात्रीची आया, आया आली नाही, आईने आज ओळखलं नाही, आईने आज ताईचं नाव घेतलं. प्रत्येक ओळीपुढे आकडा, जिथे पैसे नव्हते तिथे रेघ. ती वाचत गेली आणि मी ऐकत गेले. दुपार टळली. मध्ये एकदा शेजारीण डोकावली आणि काही न बोलता परत गेली.

म्हणून कुणी विचारतं, "तुम्ही प्रायश्चित्त करता म्हणजे काय करता?" तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती वही येते. ग्रीक शुभवर्तमानात यासाठी 'मेतानोइया' असा शब्द आहे, मन पालटणं. मान वळवून, ज्या बाजूला इतकी वर्षं बघितलं नाही तिकडे बघणं. शुक्रवारी मी मासळी खात नाही, तेही आहे. पण मासळी सोडणं मला कधीच जड गेलं नाही.

वचन मी पुढच्या वर्षी, 4 ऑक्टोबरच्या आदल्या आठवड्यात दिलं. बहीण आली होती, मागच्या बाकावर बसली. निघताना तिने माझ्या पिशवीत सुकटीची पुडी घातली आणि तिच्याखाली ती वही. संध्याकाळच्या स्तोत्रांनंतर मी तिचं एक पान वाचते आणि त्या पानाबद्दल रविवारी तिला फोन करून विचारते. परवा 14 जुलैचं पान आलं. रिक्षा 60, पट्टी 45, आणि पुढे नुसतं 'पाऊस' लिहिलेलं. रविवारी विचारायचं आहे, त्या दिवशी काय झालं होतं.