हे उघडतं का?

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. परवा प्रदर्शनात सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या शिल्पातल्या त्या कानासमोर, म्हणजे शरीररचना शिकवायच्या जुन्या मॉडेलसमोर, उभा राहिला, वाकून वाकून बघत बरोबर ती पितळी आकडी शोधून काढली आणि विचारलं, "हे उघडतं का?" मी म्हटलं, "नाही रे, आता नाही." तो गेला पुढे, पण ते "आता नाही" काही डोक्यातून जात नाहीये.

कारण तो कान उघडण्यासाठीच तर बनवला होता. ओझूच्या पद्धतीचा, कागदाच्या लगद्याचा. प्रेतं टिकायची नाहीत, मेणाची मॉडेलं हाताळली की बिघडायची, म्हणून लुई ओझू या फ्रेंच डॉक्टरनं अशी मॉडेलं काढली की शिकणाऱ्यानं स्वतः एकेक भाग सुटा करावा आणि परत बसवावा. १८२८ मध्ये नॉर्मंडीतल्या एका खेड्यात त्याचा कारखाना उभा राहिला.

माझ्या या कानात हातोडी, ऐरण, रिकीब ही कानातली इवली हाडं सगळी आहेत, प्रत्येकावर नंबराची इवलीशी चिठ्ठी. कडेला एके ठिकाणी व्हार्निश पार झिजलंय, बरोबर अंगठा टेकतो तिथे. किती जणांनी उघडला असेल! मीही तिथेच अंगठा ठेवून उघडायचे आणि मीच तिथे इपॉक्सी, तो पक्का गोंद, भरलं. फुलाच्या मॉडेलच्या देठावर तोलायचा तर सैल चालणार नव्हता, सुटे भाग कोणी उचलून नेले असते, हे सगळं खरंय, तरीपण.

शिल्पकार हेन्री मूरनं लंडनच्या सायन्स म्युझियममधली गणिताची दोऱ्यांची मॉडेलं नुसती पाहिली आणि १९३७ पासून स्वतःची दोऱ्यांची शिल्पं केली, फोटोग्राफर मॅन रेनं पॅरिसमध्ये गणिताच्याच मॉडेलांचे फोटो काढले. मूळ वस्तूला धक्का नाही. मला मात्र मूळ वस्तूच हवी होती. भंगारात चाललेली मी वाचवली, दोन वर्षं राबले, आणि लक्षात काय राहिलं तर एका पोराचा प्रश्न. दादा म्हणाला होता तेव्हाच... जाऊ दे.

इपॉक्सी आता निघायचं नाही, ओढलं तर लगदाच फाटेल. चुकलं ते चुकलं. पण कोणी न सांगता त्याला आकडी दिसली, हे बरं वाटतंय.

डोळ्याचं मॉडेल अजून टेबलावर आहे. मघाशी त्याचं काचेचं भिंग काढलं, पुसलं, परत बसवलं. मग पुन्हा काढलं.